एअरब्रशमधील रंगप्रवाहाचे दोष : नाव, निदान आणि उपाय

भाषेच्या अभ्यासाला वाहिलेल्या पत्रिकेत रंग फवारण्याच्या उपकरणाविषयी लेख यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. तथापि हातातील उपकरण अडले म्हणजे मनुष्य प्रथम त्या बिघाडाला एक नाव देतो आणि मग त्या नावाला अनुसरून उपाय करतो, ही गोष्ट ध्यानात घेतली तर नामकरण आणि निदान यांचा संबंध किती निकटचा आहे ते सहज दिसून येईल. नाव चुकले तर उपायही चुकतो, आणि चुकलेल्या उपायाने पुष्कळदा मूळच्या दोषात नव्या दोषाची भर पडते. प्रस्तुत लेखकास हा धडा भाषाविज्ञानाच्या ग्रंथांतून मिळाला नाही. तो दिवाळीच्या किल्ल्यावर मांडावयाच्या बोटभर उंचीच्या मावळ्यांना रंग देताना मिळाला. ती हकीकत पुढे ओघाने येईलच.

लहान मूर्ती रंगविण्याचा छंद आज पुष्कळ देशांत रुजलेला आहे. टेबलावर मांडून खेळावयाच्या युद्धखेळांतील सैनिक साधारणतः २८ मिलिमीटर उंचीचे असतात. अशा खेळांना लोकप्रिय करणारे एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली प्रसिद्ध झाले होते. एवढ्याशा मूर्तीचा चेहरा जेमतेम तीन-चार मिलिमीटरांचा असतो. त्यावर रंगाचा थर किंचित जाड बसला तरी नाक आणि ओठ बुजतात. पातळ आणि एकसारखा थर देता यावा म्हणून एअरब्रशचा उपयोग करतात. परंतु ज्या बारीकपणासाठी हे उपकरण घ्यावयाचे, त्याच बारीकपणामुळे ते वारंवार अडते. ते का अडते आणि अडल्यावर दोष कोठे शोधावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१. उपकरणाची रचना

हवेच्या झोताने रंग फवारण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील अ‍ॅबनर पीलर यांनी १८७९ च्या सुमारास अशा प्रकारचे एक उपकरण तयार केले. पुढे १८९० नंतरच्या दशकात चार्ल्स बर्डिक यांनी रंगाच्या वाटेच्या मध्यभागी सुई बसविण्याची रचना पुढे आणली. आजची बहुतेक उपकरणे तत्त्वतः याच रचनेवर आधारलेली आहेत.

लघुमूर्तींच्या कामासाठी सामान्यतः जे उपकरण वापरतात त्यात रंगाची वाटी वरच्या अंगाला असते आणि रंग आपल्याच भाराने खाली उतरतो. वाटीच्या तळातून एक निमुळती सुई आरपार जाते. तिचे टोक पुढच्या बाजूस असलेल्या नॉझलच्या तोंडात बसलेले असते. नॉझलचे तोंड सुमारे ०.३ मिलिमीटर व्यासाचे असते. अधिक बारीक कामासाठी ०.२ आणि मोठ्या पृष्ठभागासाठी ०.४ किंवा ०.५ मिलिमीटरचे नॉझल वापरतात. खटका खाली दाबला की हवा सुटते. तोच खटका मागे ओढला की सुई मागे सरकते आणि रंगाला वाट मिळते.

हवा रंगाला मागून ढकलते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. हवा नॉझलच्या बाहेरून, त्याच्या भोवतीच्या कड्यासारख्या फटीतून वेगाने निघते. या वेगवान हवेमुळे नॉझलच्या तोंडाशी दाब कमी होतो, रंग बाहेर ओढला जातो आणि हवेच्या झोतात सापडून त्याचे सूक्ष्म थेंब होतात. म्हणजे हवेची वाट आणि रंगाची वाट या दोन वेगळ्या वाटा असून त्यांची गाठ फक्त टोकाशी पडते. पुढे सांगावयाच्या बहुतेक दोषांचे मूळ ही एक गोष्ट नीट समजली म्हणजे आपोआप उलगडते.

दुसरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट फटीच्या मापाची. नॉझलचे तोंड ०.३ मिलिमीटरचे असले तरी बारीक रेघ काढताना सुई पूर्ण मागे सरकत नाही. सुई आणि नॉझल यांच्यामध्ये त्या वेळी जी फट उरते ती मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. रंगाने तेवढ्या जागेतून वाहावे अशी आपली अपेक्षा असते.

२. रंगाचा स्वभाव

ज्याला आपण अ‍ॅक्रिलिक रंग म्हणतो तो पाण्यात विरघळलेला रंग नव्हे. अ‍ॅक्रिलिक राळेचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात आणि त्यांच्या जोडीला रंगद्रव्याचे कण असतात. ज्याप्रमाणे दुधात स्निग्धांशाचे कण तरंगतात, तशीच ही स्थिती होय. फिलाडेल्फियाच्या रोम अँड हास कंपनीने १९५३ साली अशा प्रकारचे शुद्ध अ‍ॅक्रिलिक मिश्रण घरांच्या रंगासाठी बाजारात आणले आणि थोड्याच वर्षांत चित्रकारांचे रंगही त्या धर्तीवर निघाले.

असा रंग वाळतो म्हणजे नेमके काय होते? पाणी उडून जाऊ लागले की राळेचे गोळे एकमेकांजवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात आणि अखेर एकजीव होऊन त्यांचा सलग पापुद्रा बनतो. हा पापुद्रा एकदा बनला की पाण्यात पुन्हा विरघळत नाही. जलरंगाची वाळलेली वडी पाण्याने पुन्हा जिवंत होते. अ‍ॅक्रिलिकची होत नाही. मूर्तीवर हा गुण आहे. सुईच्या टोकावर तोच अवगुण ठरतो.

येथे एका रूढ समजुतीचा परामर्श घेणे आवश्यक आहे. पांढरा रंग नॉझल चोंदवतो, कारण त्याचे कण जाड असतात, असे अनुभवी माणसेही सांगतात. पांढऱ्या रंगातील टिटॅनियम डायऑक्साइडचा कण सुमारे पाव मायक्रॉनचा असतो, ०.३ मिलिमीटरचे तोंड म्हणजे ३०० मायक्रॉन. तोंडापेक्षा कण हजार पटींहून अधिक लहान आहे. असा सुटा कण कोठेही अडकणार नाही. खरी गोष्ट अशी की हे द्रव्य पाण्याच्या सुमारे चौपट जड असल्यामुळे बाटलीच्या तळाशी बसते, आणि पांढऱ्या रंगात ते भरपूर प्रमाणात घातलेले असते. बाटली नीट हलविली नाही तर तळाचा गाळ गुठळ्यांच्या रूपाने वाटीत येतो. बाटलीच्या तोंडाशी आणि झाकणाच्या आट्यांत वाळलेल्या रंगाचे पापुद्रेही त्यात पडतात. चोंदते ते या गुठळ्यांनी व पापुद्र्यांनी. चकाकणाऱ्या धातुरंगांची गोष्ट मात्र निराळी. त्यांतील चपटे तुकडे खरोखरच मोठे असतात आणि त्यांच्यासाठी रुंद तोंडाचे नॉझल घेणेच इष्ट होय.

३. ‘चोंदला’ या एका शब्दाखाली

रंग नीट येईनासा झाला की तोंडून सहज शब्द निघतो : ‘चोंदला’. नाक चोंदते, मोरी तुंबते, तसाच एअरब्रशही चोंदला असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः या एका शब्दाखाली निदान चार भिन्न अवस्था एकत्र आलेल्या असतात. सुईच्या टोकावर रंग सुकलेला असतो. किंवा नॉझलच्या आत गुठळी अडकलेली असते. किंवा रंगच इतका दाट असतो की तो वाहू शकत नाही. किंवा आत काहीही अडलेले नसून सुई पकडणारा मागचा नट ढिला झाल्यामुळे खटका मागे येतो आणि सुई जागची हलत नाही. चारही वेळी डोळ्यांना दिसते ते एकच : हवा येते, रंग येत नाही. उपाय मात्र चार आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

आरंभी उल्लेखिलेली हकीकत अशी. ऑक्टोबर महिना होता आणि हवा कोरडी होती. मावळ्यांच्या पांढऱ्या अंगरख्यांना दुसरा हात देऊन झाला आणि तिसऱ्याच्या वेळी एअरब्रश शिंतोडे टाकू लागला. ‘चोंदला’ असे म्हणून प्रस्तुत लेखकाने नॉझल उघडले, ते पाण्याने धुतले, आणि अडलेली गुठळी निघावी म्हणून सुई पुढे रेटून दाबली. नॉझलचे तोंड कागदासारख्या पातळ धातूचे असते. त्याला केसाएवढी चीर गेली. त्यानंतर रंग तर येईनाच, उलट वाटीत बुडबुडे येऊ लागले. मावळ्यांचे अंगरखे त्या वर्षी अर्धेच पांढरे राहिले. मागाहून विचार करता उमगले की रंग दोन हात व्यवस्थित आला होता आणि हळूहळू बिघडत गेला होता. नॉझलच्या आत काही अडले नव्हते. सुईच्या टोकावर रंगाची साय धरली होती. ओल्या कुंचल्याने ती दहा सेकंदांत पुसता आली असती.

४. एका वेळी एकच बदल

दोन ध्वनी भाषेत खरोखर भिन्न आहेत की नाहीत हे ठरविण्यासाठी भाषाशास्त्रज्ञ एक साधी युक्ती योजतात. बाकी सर्व सारखे ठेवून एकच ध्वनी बदलावयाचा आणि अर्थ बदलतो का ते पाहावयाचे. ‘वेल’ आणि ‘वेळ’ या शब्दांत ‘ल’ आणि ‘ळ’ एवढाच भेद आहे आणि तेवढ्याने अर्थ पालटतो. म्हणून मराठीत हे दोन स्वतंत्र वर्ण ठरतात. शब्दात एकाच वेळी दोन ध्वनी बदलले तर अर्थ कशामुळे बदलला ते सांगता येत नाही.

दोष शोधतानाही हाच नियम पाळावा. आपण बहुधा नेमके उलट करतो. रंग अडला की त्यात थोडे पाणी घालतो, त्याच हातासरशी दाब वाढवितो आणि नॉझलही धुऊन घेतो. दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही. अर्थात पुढच्या खेपेस तो पुन्हा उभा राहतो. म्हणून पुढील चार कसोट्या याच क्रमाने घ्याव्यात.

पहिली कसोटी टोकाची. फवारणी थांबवून ओल्या, मऊ कुंचल्याने सुईचे टोक हलकेच पुसावे. बाकी काहीही बदलू नये. रंग तत्काळ पूर्ववत झाला आणि काही वेळाने पुन्हा बिघडला, तर टोकावर रंग सुकतो आहे असे निश्चित समजावे. पुसून काहीच फरक पडला नाही तर पुढे जावे.

दुसरी कसोटी सुईची. उपकरणाचा मागचा दांडा काढून खटका ओढावा आणि सुई त्याच्याबरोबर मागे येते की नाही ते डोळ्यांनी पाहावे. येत नसेल तर मागचा नट आवळला की काम झाले. या कसोटीला अर्धा मिनिट लागतो. न केल्यास तासभर वाया जाऊ शकतो.

तिसरी कसोटी पाण्याची. वाटीतील रंग काढून, वाटी धुऊन, तीत स्वच्छ पाणी घ्यावे आणि तोच दाब ठेवून कागदावर फवारावे. पाण्याची धुई एकसारखी येत असेल तर उपकरण निर्दोष आहे आणि दोष रंगात आहे. पाणीही अडखळत येत असेल तर रंगाला दोष देण्यात अर्थ नाही. एवढ्या एका कसोटीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

चौथी कसोटी केवळ हवेची. वाटी रिकामी ठेवून, खटका मागे न ओढता नुसता खाली दाबावा आणि हवेचा झोत कोरड्या आरशावर धरावा. आरशावर पाण्याचे कण दिसले तर दोष हवेच्या नळीतून येत आहे.

५. दोष आणि त्यांची कारणे

आता प्रत्यक्ष दोषांकडे वळू. वर्णन करताना ०.३ मिलिमीटरचे नॉझल आणि दर चौरस इंचास १५ ते २० पौंड इतका दाब हे प्रमाण गृहीत धरले आहे.

टोकावर रंग सुकणे. अ‍ॅक्रिलिक रंगाच्या बाबतीत हा दोष सर्वांत अधिक आढळतो. तो संपूर्णपणे टाळता येत नाही, लांबविता मात्र येतो. सुईच्या टोकावर रंगाचा पातळ लेप सतत असतो आणि त्यावरून सतत हवा वाहते. ओले कपडे वाऱ्यावर लवकर वाळावेत तसा हा लेप वाळतो. उपाय तीन : रंगात सुकणे मंद करणारा रिटार्डर काही थेंब घालणे, दाब थोडा कमी करणे, आणि दर एक-दोन मिनिटांनी टोक पुसण्याची सवय लावून घेणे. रिटार्डर अधिक झाला तर मूर्तीवरील थर लवकर वाळत नाही आणि बोटाला चिकटतो, हेही ध्यानात ठेवावे.

शिंतोडे उडणे. याची कारणे अनेक असल्यामुळे शिंतोडे केव्हा उडतात ते पाहावे. प्रत्येक फटकाऱ्याच्या आरंभी उडत असतील तर दोष हाताचा आहे : मागच्या खेपेस हवा आधी बंद केली गेली आणि टोकाशी रंगाचा थेंब साचून राहिला. नियम असा की सुरू करताना आधी हवा आणि मग रंग. थांबविताना आधी रंग बंद करावा आणि मग हवा. शिंतोडे मधूनमधून, अनियमितपणे उडत असतील तर टोकावर सुकलेला रंग किंवा हवेतील पाणी यांचा संशय घ्यावा. सतत उडत असतील तर रंग दाट आहे किंवा त्या मानाने दाब अपुरा आहे.

वाटीत बुडबुडे येणे. दोन वाटांविषयी वर जे सांगितले ते येथे उपयोगी पडते. वाटीत बुडबुडे येतात याचा अर्थ हवा आपली वाट सोडून रंगाच्या वाटेत शिरली आहे. नॉझल नीट बसले नसेल, त्याला चीर गेली असेल, किंवा नॉझल आणि त्यापुढील टोपी यांच्या दरम्यान वाळलेला रंग साचून हवेची बाहेर पडण्याची वाट अरुंद झाली असेल, तर असे घडते. आधी टोपी काढून साफ करावी. मग नॉझल काढून पुन्हा बेताने बसवावे. त्यानेही भागले नाही तर भिंगाखाली नॉझलचे तोंड पाहावे. चिरलेल्या नॉझलला दुरुस्ती नाही, ते बदलावेच लागते.

खटका सोडूनही रंग येणे. सुई नॉझलमध्ये पूर्ण पुढे जाऊन बसत नाही, असा याचा अर्थ होय. बहुधा आत वाळलेल्या रंगाचा कण अडकलेला असतो. सुई मागून काढून पुसावी आणि पुन्हा घालताना ती अडेपर्यंतच सारावी. जोर लावू नये.

रेघ एका बाजूस झुकणे. सुईचे टोक वाकले आहे. सुई सपाट काचेवर ठेवून बोटाने फिरविली की वाकडेपणा दिसतो. टोक अगदी थोडे वाकले असेल तर काचेवर तिरके धरून, ओढत ओढत हळूहळू सरळ करता येते. आकड्यासारखे वळले असेल तर सुई बदललेली बरी. वाकडी सुई तशीच वापरली तर ती नॉझलचे तोंड खराब करते.

कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटणे. मूर्तीवर पडलेल्या रंगाला चहूकडे बारीक फाटे फुटतात. रंग फार पातळ असतो, किंवा दाब अधिक असतो, किंवा उपकरण फार जवळ धरलेले असते. मूर्तीवरचा रंग अजून ओला असताना हवा त्याला पुढे ढकलते. रंगाचा ओघ कमी करावा, अंतर किंचित वाढवावे आणि एका जागी थांबू नये.

पृष्ठभाग खरखरीत होणे. हा वरील दोषाचा प्रतिपक्षी होय. थेंब मूर्तीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अर्धवट वाळतात आणि पिठाच्या भुकटीसारखे बसतात. अंतर जास्त असते, दाब जास्त असतो किंवा रंग दाट असतो. बारीक कामासाठी चार-पाच सेंटिमीटरांपेक्षा दूर जाऊ नये.

रंगाचा दाटपणा हा यांपैकी बहुतेक दोषांशी निगडित आहे. त्यासाठी सर्वांस लागू पडेल असे प्रमाण सांगता येत नाही. कारण काही रंग एअरब्रशसाठी मुद्दाम पातळ करूनच विकले जातात, तर कुंचल्यासाठीच्या रंगात जवळजवळ तितकेच थिनर घालावे लागते. वाटीच्या कडेला रंग चढवून सोडून द्यावा : साय काढलेल्या दुधाप्रमाणे तो पातळ लेप मागे ठेवून सावकाश खाली उतरला म्हणजे दाटपणा योग्य आहे. केवळ पाण्याने पातळ करण्याने काम भागतेच असे नाही. पाण्याचा पृष्ठताण अधिक असल्यामुळे ते पसरण्याऐवजी थेंब धरून राहते, आणि जास्त पाण्याने राळेचे प्रमाण घटून थर कमकुवत होतो. त्यापेक्षा त्याच रंगासाठी बनविलेले थिनर, अथवा पृष्ठताण उतरविणाऱ्या फ्लो इम्प्रूव्हरचे काही थेंब बरे. पाणी वापरावयाचेच असेल तर क्षार नसलेले ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे.

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. ‘अ‍ॅक्रिलिक’ हे नाव दोन भिन्न स्वभावांच्या रंगांना लावले जाते. जपानच्या टामिया कंपनीचे अ‍ॅक्रिलिक रंग अल्कोहोलने उत्तम पातळ होतात. पाण्यात तरंगणाऱ्या राळेच्या रंगांत, उदाहरणार्थ स्पेनच्या व्हॅलेहो कंपनीच्या रंगांत, अल्कोहोल घातले तर ते दही फुटावे तसे फुटू शकतात आणि त्यांचा चिकट गोळा नॉझलमध्ये बसतो. नाव एक असून वस्तू दोन असण्याचे हे आणखी एक उदाहरण. म्हणून नवे मिश्रण वाटीत घालण्यापूर्वी बशीत करून पाहावे.

६. हवा आणि ऋतू

एकाच माणसाच्या हातात, एकाच प्रमाणाने केलेला रंग मे महिन्यात अडतो आणि जुलैत वेगळ्याच रीतीने त्रास देतो. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात हवा अतिशय कोरडी आणि तापलेली असते. तेथे रिटार्डर अधिक लागतो. पावसाळ्यात कोकणात रंग टोकावर मुळीच सुकणार नाही असे मात्र समजू नये. याचे कारण थोडक्यात सांगण्याजोगे आहे.

३० अंश सेल्सिअसला पूर्ण दमट असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ असते. ही हवा कॉम्प्रेसरने दाबून एक चतुर्थांश आकारमानाची केली आणि ती पुन्हा ३० अंशांवर आली, तर तिच्यात त्या वाफेपैकी चतुर्थांशच राहू शकते. उरलेली सुमारे २२ ग्रॅम वाफ पाणी होऊन टाकीत व नळीत जमते. हे पाणी बाहेर काढले नाही तर ते थेंबाथेंबाने झोतात येते आणि मूर्तीवर डाग पाडते. म्हणून टाकीतील पाणी प्रत्येक बैठकीनंतर सोडून द्यावे आणि पाणी अडविणारा फिल्टर उपकरणाच्या शक्य तितक्या जवळ बसवावा. उलटपक्षी, पाणी गमावलेली ही हवा टोकाशी सुटून पुन्हा पसरते तेव्हा ती बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळच कोरडी असते. तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २५ टक्के भरते. खिडकीबाहेर मुसळधार पाऊस असला तरी सुईच्या टोकाशी उन्हाळाच असतो.

टाकी नसलेल्या लहान कॉम्प्रेसरमध्ये आणखी एक दोष दिसतो : रंग लाटालाटांनी येतो. तेथे नॉझल कितीही धुतले तरी उपयोग नाही. लांब नळी लावल्याने तो थोडा कमी होतो. पूर्ण जाण्यास टाकी हवी.

७. स्वच्छता

रंग बदलताना वाटीतील उरलेला रंग काढून टाकावा, पाणी फवारावे, आणि पाणी स्वच्छ येऊ लागल्यानंतरच क्लीनर फवारावा. हा क्रम उलटा करू नये. ओल्या रंगावर एकदम अल्कोहोलयुक्त क्लीनर पडला तर वर सांगितल्याप्रमाणे रंग आतच फुटतो. काम संपल्यावर सुई मागच्या बाजूने ओढून काढावी, म्हणजे तिच्यावरील रंग नॉझलकडे ढकलला जात नाही. नॉझल वारंवार उघडण्याची आवश्यकता नाही. ते उघडण्यापेक्षा क्लीनरमध्ये भिजत ठेवणे पुष्कळदा अधिक गुणकारी असते, आणि उघडावेच लागले तर मऊ लाकडी काडीखेरीज आत काहीही घालू नये.

शेवटी आरोग्याविषयी दोन शब्द. पाण्यात मिसळणारा रंग निरुपद्रवी असतो ही समजूत कुंचल्यापुरती ठीक आहे. फवारलेल्या रंगाचे सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसात जातात, आणि तेथे राळ व रंगद्रव्य यांचे काहीच काम नाही. सूक्ष्म कण अडविणारा मुखवटा आणि बाहेर हवा खेचणारा पंखा या दोन्ही गोष्टी आवश्यक समजाव्यात.

सारांश, एअरब्रशमधील रंगप्रवाहाचे दोष दिसण्यात थोडे आणि कारणांनी पुष्कळ आहेत. ‘चोंदला’ म्हणण्यापूर्वी सुकला, गुठळला, दाटला की सुटला, एवढा विवेक केला, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली, तर नॉझल उघडण्याची वेळ क्वचितच येते. हे चारही शब्द आपल्या स्वयंपाकघरात आणि कारखान्यात पूर्वीपासून आहेत. नवी परिभाषा घडविण्याची येथे गरज नाही, असलेले शब्द जागच्या जागी वापरण्याची आहे. प्रस्तुत लेखकाच्या अर्धवट पांढऱ्या मावळ्यांना पुढच्या दिवाळीत नव्या नॉझलने उरलेला हात मिळाला. वाचकांच्या हाती असलेले नॉझल त्यासाठी खर्ची पडू नये, एवढाच या लेखामागील हेतू आहे.